पुतळ्याआधी शाळा : विली क्लॅन्सींच्या नावाचा जुलैतला आठवडा

24 जानेवारी 1973 रोजी विली क्लॅन्सी वारले, तेव्हा ते 54 वर्षांचे होते. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, काउंटी क्लेअरमधल्या मिलटाउन माल्बे या लहानशा गावचे ते रहिवासी. धंदा सुतारकामाचा. ओळख मात्र इलन पाइप्स या आयरिश वाद्याचे नावाजलेले वादक अशी. त्याच वर्षीच्या जुलैत त्यांच्या मित्रांनी गावात आठवडाभराची संगीतशाळा भरवली आणि तिला विलींचं नाव दिलं. 2020 आणि 2021 ही महासाथीची वर्षं वगळता ती दर जुलैला भरत आली आहे. हजाराहून जास्त विद्यार्थी येतात, आणि गावाची स्वतःची वस्तीच हजाराच्या आतली आहे.

लोककलावंत गेला की त्याच्या नावे काहीतरी करावं असं सगळ्यांना वाटतं. बैठक होते, आणि पुरस्कार, पुतळा, दरवर्षी एक मैफल या तीनांपैकी एकावर ती थांबते. मिलटाउन माल्बेतही पुतळा आहे, पण तो शाळेनंतर कितीतरी वर्षांनी आला. हा क्रम असा का लागला, त्यातून काय साधलं आणि काय साधलं नाही, हे नीट पाहण्याजोगं प्रकरण आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. विलींच्या मित्रांनी त्यांच्या कीर्तीचं स्मारक केलं नाही. विलींना स्वतःला संगीत ज्या वाटेनं मिळालं होतं, ती वाट त्यांनी चालू ठेवली. शाळा टिकण्याचं मुख्य कारण मला हेच दिसतं.

विलींना संगीत कसं मिळालं

त्यासाठी एक पिढी मागे जावं लागतं. गॅरेट बॅरी हे क्लेअरमधले अंध पायपर, म्हणजे पाइप्सवादक. जन्म 1847चा, म्हणजे बटाट्याच्या दुष्काळातल्या सर्वांत वाईट वर्षाचा. घरोघर वाजवत ते फिरायचे. 1899मध्ये त्यांचा शेवट अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रयगृहात झाला. विलींचे वडील गिल्बर्ट बासरी आणि कॉन्सर्टिना ही हातात धरायची छोटी भात्याची पेटी वाजवायचे. बॅरींचं वादन त्यांनी जवळून ऐकलेलं होतं आणि त्यांच्या कितीतरी चाली त्यांच्या कानात पक्क्या बसल्या होत्या. विली जन्मले 1918मध्ये, बॅरी जाऊन एकोणीस वर्षं झाल्यावर. तरीही बॅरींचं संगीत विलींपर्यंत आलं, कारण मधल्या माणसानं ते आपल्यापुरतं ठेवलं नाही. बॅरींच्या वादनाची ध्वनिमुद्रिका नाही. कुणी ते लिहून ठेवलं म्हणून टिकलं, असंही नाही. स्वतः पायपर नसलेल्या बापानं मुलासमोर ते गुणगुणलं आणि वाजवलं, म्हणून ते उरलं.

पाइप्सची दीक्षा मात्र बाहेरून आली. 1936मध्ये जॉनी डोरन हे भटक्या समाजातले पायपर आपल्या बिऱ्हाडासह या भागात आले. जत्रांत, सामन्यांच्या मैदानाबाहेर, रस्त्याच्या कडेला ते वाजवायचे. विलींनी त्यांना ऐकलं, आणि दोन वर्षांनी विलींच्या हाती पहिले पाइप्स पडले. पुढे डब्लिनमध्ये पायपर लिओ राउसम यांचा सहवास लाभला, शेमस एनिस या पायपरांशीही संबंध आला. 1947मध्ये इराख्तस या राष्ट्रीय महोत्सवातल्या स्पर्धेत विलींचा पहिला नंबर आला. त्यानं पोट भरलं नाही. 1950च्या दशकात आयर्लंडमधून सुमारे चार लाख माणसं बाहेर पडली. विलीही लंडनला जाऊन सुतारकाम करू लागले. 1957मध्ये वडील वारले, तेव्हा ते गावी परतले आणि तिथेच राहिले.

पुढच्या पंधरा वर्षांत त्यांच्याकडे लोकांची ये-जा सुरू झाली. तरुण वादक लांबून यायचे, बसायचे, ऐकायचे, विचारायचे. प्लँक्स्टी या गटामुळे पुढे नाव झालेले लिअम ओ’फ्लिन हे त्यांच्यापैकी एक. विलींनी रीतसर शाळा कधी काढली नाही, पण मुरलेला वादक आणि शिकणारा एका खोलीत बसतील, हे त्यांच्या हयातीत तिथे घडतच होतं. मित्रांनी 1973मध्ये जे उभं केलं, त्याचा नमुना त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

वाद्याची अडचण

इलन पाइप्स हा मशकवाद्याचा आयरिश प्रकार, पण तो तोंडानं फुंकत नाहीत. वादक खुर्चीवर बसतो. एका कोपराखाली भाता, दुसऱ्या कोपराखाली हवेची पिशवी. बोटं चँटर या मुख्य नळीवर असतात आणि तिच्यातून दोन सप्तकं निघतात. मांडीवर आडवे तीन ड्रोन अखंड सूर धरतात. शिवाय तीन रेग्युलेटर असतात. त्यांच्या चाव्या मनगटाच्या कडेनं दाबून मधूनमधून सुरांचे गुच्छ पेरायचे. चँटरचं टोक मांडीवर टेकवलं की सूर तुटतो, उचललं की मोकळा होतो. दोन्ही हात, दोन्ही कोपरं आणि मांडी, सगळं कामाला लागतं. सात वर्षं शिकायचं, सात वर्षं रियाज करायचा, सात वर्षं वाजवायचं, मग पायपर होतो, असं तिथे पूर्वापार म्हणतात. त्यात अतिशयोक्ती फार नाही.

याहून मोठी अडचण रीडची, म्हणजे कंप पावून सूर काढणाऱ्या पातळ पट्टीची. वेतासारख्या नळापासून ती हातानं तासून करतात. हवेतला दमटपणा बदलला की ती रुसते. काल सुरात असलेलं वाद्य आज नुसतं घोगरं वाजतं. रीड करणारा जवळपास नसेल, तर शिकणारा पहिल्याच हिवाळ्यात वाद्य पेटीत ठेवून देतो आणि पुन्हा उघडत नाही. पूर्ण वाद्य करणारे कारागीर मोजके. चांगल्या कारागिराकडे नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

1968मध्ये ना पीबरी इलन ही पायपरांची संघटना स्थापन झाली, तेव्हा हे वाद्य वाजवणारे जेमतेम शंभर उरले होते, असा अंदाज सांगितला जातो. हा आकडा समोर ठेवला की पुरस्काराचा मार्ग का अपुरा पडला असता, ते उलगडतं. पुरस्काराला निवड लागते, निवडीला पुरेसे उमेदवार लागतात. शंभरांतून दरवर्षी एक निवडायचा तर दहा-पंधरा वर्षांत पुरस्काराच्या तोलाची नावंच संपतात, आणि एकशेएकावा पायपर कुठून येणार हा प्रश्न जागच्या जागी राहतो.

आणखी एक गोष्ट गेली होती. 1935च्या सार्वजनिक नृत्यगृह कायद्यानं नाचाला न्यायालयाचा परवाना सक्तीचा केला. कायदा सार्वजनिक जागांसाठी होता, पण पाद्री आणि पोलीस यांनी त्याचा बडगा घरगुती नाचांवरही उगारला. क्लेअरमध्ये संध्याकाळी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात माणसं जमायची, फिडल म्हणजे व्हायोलिन वाजायचं, फरशीवर पावलं पडायची. हे बंद झालं तशी वादकांची वाजवायची जागा गेली. फिडलवादक ज्युनियर क्रेहन ही खंत आयुष्यभर बोलून दाखवत. तेच पुढे विलींच्या शाळेच्या आधारस्तंभांपैकी एक झाले, आणि हा निव्वळ योगायोग नाही. संगीत कशानं संपतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. कलावंत मेल्यानं ते संपत नाही. चार माणसांनी एकत्र बसायचं ठिकाण मोडलं की संपतं.

आठवडा कसा चालतो

शाळा जुलैच्या पहिल्या शनिवारी सुरू होते. शिक्षकी पेशातले मुरिश ओ रोहान, विलींचे जुने साथीदार मार्टिन टॉल्टी, क्रेहन आणि गावातली इतर मंडळी यांनी ती उभारली. ओ रोहान 2011मध्ये वारले, तोवर सूत्रं त्यांच्याकडे होती. नंतर हॅरी ह्यूज यांनी ती सांभाळली.

सोमवारपासून रोज सकाळी वर्ग. पाइप्स, फिडल, बासरी, टिन व्हिसल, कॉन्सर्टिना, अकॉर्डियन, बँजो, हार्प, गायन. 1980च्या दशकात सेट डान्सिंगचे वर्ग आले आणि गावोगाव विसरला गेलेला तो नाच पुन्हा देशभर पसरायला त्यांचा मोठा हातभार लागला. वर्गांसाठी खास इमारत नाही. गावातल्या आणि शेजारच्या स्पॅनिश पॉइंटमधल्या शाळा सुट्टीमुळे रिकाम्या असतात, त्या वापरायच्या. त्या पुरल्या नाहीत तर मिळेल ती खोली. दुपारी व्याख्यानं आणि चर्चा, संध्याकाळी एकेका वाद्याचं सादरीकरण, रात्री केली म्हणजे सामूहिक नाच, आणि या सगळ्याच्या आजूबाजूला पबांमधली सेशन्स, म्हणजे वादकांनी जमून वाजवायच्या अनौपचारिक बैठका.

शिकवणं कानानं. शिक्षक चालीचा एक तुकडा वाजवतो, वर्ग तो परत वाजवतो, मग पुढचा तुकडा, मग दोन्ही जोडून. कागद असलाच तर सुरांची अक्षरं टिपण्यापुरता. पूर्वी बाकावर कॅसेट रेकॉर्डर ओळीनं मांडलेले असत, आता फोन असतात. सहा सकाळींत फार तर मूठभर चाली होतात. एवढ्यासाठी माणसं दूरदेशांहून येतात, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्रच वाटेल. पण आठवड्यात वाद्य शिकवून संपवायचं, असा शाळेचा दावाच नाही. वर्षभर एकट्यानं घोटायला लागणारं साहित्य द्यायचं, आणि ज्याच्यासारखं वाजवावंसं वाटतं असा माणूस हाताच्या अंतरावर बसवायचा, इतकंच ती करते. शिक्षक हे वाजवणारे वादक असतात, नुसते अध्यापक नव्हेत. सकाळी ज्यांच्याकडून चाल घेतली, तेच रात्री कोपऱ्यातल्या बाकावर तीच चाल वाजवताना दिसतात. ती वर्गात का वेगळी वाटली आणि इथे का नाचते, हे विद्यार्थ्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

व्याख्यानांचा भाग मला विशेष वाटतो. ब्रेंडन ब्रेहनॉख हे आयरिश नृत्यसंगीताचे मोठे संग्राहक आणि अभ्यासक, ना पीबरी इलनच्या संस्थापकांपैकी एक. सुरुवातीपासून त्यांचा शाळेशी घनिष्ठ संबंध होता. 1985मध्ये ते गेल्यावर उद्घाटनाचं व्याख्यान त्यांच्या नावानं होऊ लागलं. म्हणजे एका स्मृतीच्या पोटात दुसरी सामावली, आणि तिच्यासाठी वेगळी समिती, वेगळा निधी, वेगळा दिवस लागला नाही. वाजवणाऱ्यांनी इतिहास ऐकावा आणि अभ्यासकांनी वाजवणाऱ्यांत बसावं ही सवय शाळेनं लावली. बऱ्याच ठिकाणी हे दोन वर्ग एकमेकांकडे संशयानंच पाहतात.

स्पर्धा का नाही

हा त्या मंडळींचा सर्वांत धाडसी निर्णय होता, असं मी म्हणेन. 1951मध्ये कोल्तस ही संघटना स्थापन झाली आणि तिच्या फ्ला क्योल महोत्सवानं आयरिश संगीताला पुन्हा माणसं मिळवून दिली. त्या महोत्सवाचा कणा स्पर्धा हाच. जिल्हा, प्रांत, मग अखिल आयर्लंड. मुलं त्यासाठी वर्षभर घासतात आणि त्यांचा हात खरोखर तयार होतो. त्यामुळे स्पर्धेला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण परीक्षकासमोर वाजवायच्या दोन चाली वर्षभर घोटल्या की बाकीचा ठेवा मागे पडतो, आणि गेल्या वर्षी जिंकलेली धाटणी पुढच्या वर्षी सगळीकडे ऐकू येते. विलींनी स्वतः स्पर्धा जिंकली होती, पण त्यांचं वादन त्यासाठी घडलेलं नव्हतं. डोरन यांचा वाहता मोकळेपणा आणि जुन्या पायपरांचा तुटक, बंद बोटांचा बाज, दोन्ही त्यांच्या हातात होते. चालीच्या गरजेप्रमाणे ते एकातून दुसऱ्यात जायचे.

मिलटाउन माल्बेत नंबर नाहीत, पदकं नाहीत, शेवटच्या दिवशी कुणी पहिला येत नाही. दहा वर्षांचं पोर आणि निवृत्त माणूस एकाच बाकावर असू शकतात. शाळेनं ‘क्लॅन्सी शैली’ अशी चौकटही आखली नाही. पाइप्सच्या वर्गांतही वेगवेगळ्या हाताचे शिक्षक असतात. स्मारक-संस्थांना हे फार कठीण जातं. ज्याच्या नावानं संस्था, त्याचंच बरोबर, असं हळूहळू ठरत जातं. मग अनुकरण करणारे पुढे बसतात आणि बाकीचे येईनासे होतात.

याची दुसरी बाजूही आहे. शाळेतले बहुसंख्य विद्यार्थी पाइप्स शिकत नाहीत. फिडल किंवा कॉन्सर्टिनाच्या वर्गातल्या मुलीनं विलींची एकही ध्वनिमुद्रिका ऐकलेली नसेल, असं सहज होऊ शकतं. तिच्यासाठी ‘विली वीक’ हे आठवड्याचं नाव आहे, माणसाचं नव्हे. मग ही स्मृती उरली कुठे? ही तक्रार मी उडवून लावणार नाही. माझं उत्तर एवढंच, की माणूस नेमका कसा वाजवायचा हे जपण्याचं काम शाळेवर टाकूच नये. ते काम पॅट मिचेल यांनी केलं. त्यांनी विलींच्या वादनाचं स्वरलेखन करून 1976मध्ये पुस्तक काढलं. ध्वनिमुद्रिकांनीही ते केलं. ज्याला विली हवे असतील, त्याला ते तिथे सापडतात. मात्र ते शोधायला जाणारे निघावेत, यासाठी आधी वाजवणारे असावे लागतात. ते शाळा पुरवते. दोन्ही कामं एकाच संस्थेनं करायचं ठरवलं असतं, तर दोन्ही अर्धवट राहिली असती.

आयर्लंडमधल्याच डोनेगल काउंटीतलं एक उदाहरण इथे ताडून पाहण्यासारखं आहे. अल्टन या गटाचे बासरीवादक फ्रँकी केनेडी 1994मध्ये कर्करोगानं गेले. त्यांच्या नावानं ग्वीडोरमध्ये नववर्षाच्या सुमारास हिवाळी शाळा भरू लागली. वीस वर्षं ती त्या नावानं चालली. मग ते नाव सन्मानानं थांबवून ग्वीडोरच्याच नावानं नवी हिवाळी शाळा सुरू झाली. स्मारकाला मुदत असावी, हा विचार स्मृतिसमित्यांच्या मनात सहसा येत नाही. शिकवणं चालू राहिलं, म्हणून मला तो निर्णय प्रामाणिक वाटतो. मिलटाउन माल्बेत मात्र नाव काढायची गरज कुणाला वाटलेली दिसत नाही. कदाचित विलींचं नाव आणि गावाचं नाव आता वेगळं करताच येत नसेल.

जिथे अडतं

पैशाचं गणित साधं आहे. विद्यार्थ्यांची फी, कार्यक्रमांची तिकिटं आणि सरकारी कला मंडळाचं अनुदान. एकरकमी मोठी देणगी बँकेत ठेवून तिच्या व्याजावर चालणारी ही संस्था नाही. दरवर्षी माणसं यावीच लागतात. त्यामुळे आळस करता येत नाही. पण 2020सारखं वर्ष आलं की आधारही उरत नाही.

गर्दी हे दुसरं दुखणं. वर्गात नाव न घालता फक्त सेशन्ससाठी येणारे शेकड्यांनी असतात. आयोजकांनी पहिल्यापासून लावून धरलं आहे की ही शाळा आहे, महोत्सव नव्हे. रात्री अकरा वाजता मुख्य रस्त्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला ते पटवणं अवघड. हजाराच्या आतलं गाव एका आठवड्यात किती माणसं झोपवणार? महिनोन् महिने आधी खोल्या भरतात. खोली मिळाली नाही की शिकायला येणाऱ्या कुटुंबाचा बेत रद्द होतो, आणि तंबू टाकून राहणाऱ्या टोळक्याला काही फरक पडत नाही. पबमध्ये वीस वादक दाटीनं बसले की सगळ्यांना येणाऱ्या त्याच त्या चाली झपाट्यानं वाजतात. दुर्मीळ चाल माहीत असलेला म्हातारा गप्प बसतो. शाळेनं जागा मर्यादित केली, तर नवा शिकणारा बाहेर राहील. नाही केली, तर क्रेहन ज्या स्वयंपाकघरांची आठवण काढत, तसली बैठक या गर्दीत जमणार नाही. यावर पूर्ण तोडगा निघेल, असं मला वाटत नाही.

पाइप्सपुरतं बोलायचं, तर शाळा एकटी कधीच पुरली नसती. आठवडा संपला, घरी आल्यावर वाद्य कुठून आणायचं? हे ना पीबरी इलननं हातात घेतलं. नवशिक्याला पिशवी, भाता आणि चँटर एवढाच सरावाचा संच भाड्यानं द्यायचा. रीड करायला शिकवायचं. वाद्यनिर्मितीचं प्रशिक्षण केंद्रही त्यांनी उभारलं. 2017मध्ये युनेस्कोनं इलन पायपिंगला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत घेतलं, तेव्हा वाजवणारे जगभरात हजारोंच्या घरात गेले होते. याचं श्रेय एका शाळेला देणं चुकीचं ठरेल. ध्वनिमुद्रिका, प्लँक्स्टीसारखे गट, नभोवाणी, संघटना, सगळ्यांचा वाटा त्यात आहे. शाळेचा वाटा असा, की दरवर्षी एका ठरलेल्या आठवड्यात, एका ठरलेल्या गावात, पहिला सूर काढू पाहणाऱ्याला बसायला जागा मिळते आणि समोर ज्याला ते येतं असा माणूस असतो.

सुरुवातीच्या मंडळींपैकी बहुतेक आता नाहीत. टॉल्टी 1983मध्ये गेले, क्रेहन 1998मध्ये, ओ रोहान 2011मध्ये. आज वर्ग घेणारे बरेचजण शाळेनंतर जन्मलेले आहेत, आणि त्यांतले कितीतरी लहानपणी याच वर्गांत विद्यार्थी म्हणून बसलेले आहेत. विलींना त्यांनी कधी पाहिलं नाही. विलींनीही बॅरींना पाहिलं नव्हतं.